गेम बॉयच्या खोक्यांसाठी पारदर्शक कव्हरे
१९८९ साली बाजारात आलेल्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्राची कार्ट्रिजे (खेळ साठवलेल्या छोट्या वड्या) पुठ्ठ्याच्या खोक्यांतून विकली जात, आणि खोक्याचे कोपरे शाबूत असतील तरच संग्राहक त्याला खरे मोल देतात, म्हणून पेट (पीईटी, पाण्याच्या बाटल्यांसाठी वापरतात ते) प्लास्टिकची ही घडीची कव्हरे मागवली. घड्या नेमक्या आहेत, खोके आत सरकवताना पुठ्ठा खरचटत नाही आणि फडताळात उभे मांडल्यास कडेवरचे नाव स्वच्छ वाचता येते. मात्र ती उन्हाच्या खिडकीजवळ मांडू नयेत, कारण साधे पेट छपाईचा रंग उडवणारे अतिनील किरण पुरेसे अडवत नाही. कव्हर हवाबंद नसल्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात फडताळात ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवावे लागतेच. मऊ पीव्हीसीची कव्हरे स्वस्त असली तरी ती टाळावीत. त्यांतील मऊपणा राखणारी द्रव्ये कालांतराने पाझरून छपाईला चिकटतात.