सनफ्लावर काउंटीची फेरी: संग्रहालय उत्तम, फुटबॉल मात्र जोडून घ्यावे लागते

मिसिसिपी राज्याच्या वायव्येला डेल्टा नावाचा सपाट, गाळाच्या जमिनीचा पट्टा आहे. सनफ्लावर काउंटी त्याच्या मधोमध येते. क्षेत्रफळ सुमारे १,८०० चौरस किलोमीटर, आणि २०२०च्या जनगणनेनुसार वस्ती फक्त २५,९७१. बहुतेक पर्यटक इथे येतात ते इंडियानोला गावातल्या, ब्लूज गायक आणि गिटारवादक बी. बी. किंग यांच्या संग्रहालयासाठी. ते पाहावेच. पण तेवढेच पाहून परतलात तर काउंटीचा अर्धाच इतिहास कळेल. उरलेला अर्धा महामार्ग ४९-वेस्टच्या कडेने विखुरलेला आहे आणि कॉलेज फुटबॉल त्यातच येते. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल.

आधी संग्रहालयाबद्दल. ते सप्टेंबर २००८मध्ये उघडले. गावातली विटांची जुनी जिनिंगची इमारत त्यात सामावून घेतली आहे. तरुणपणी किंग याच जिनमध्ये कामाला होते, त्यामुळे कापूस, कूळवहिवाट आणि ब्लूज यांचा संबंध समजायला पाटी वाचावी लागत नाही. मांडणी कालक्रमाने आहे: १९२५चा जन्म, शेतावरचे ट्रॅक्टर चालवणे, इंडियानोलाच्या चौकात गिटार वाजवणे, मग मेम्फिसचा रेडिओ आणि पुढचे जग. लघुपटापासून सुरुवात करा. तो चुकवलात तर पुढच्या दालनातली वर्षे आणि माणसे सुटी सुटी राहतात. किंग २०१५मध्ये वारले, त्यांची समाधी याच आवारात आहे. सगळे नीट वाचत गेलात तर अडीच तास लागतात. तासाभरात उरकायचे असेल तर न गेलेले बरे. जवळच १९४०च्या दशकातला क्लब एबनी आहे, तोही संग्रहालयाच्या ताब्यात आहे. तो कधी उघडा असतो ते तिकीट काढतानाच विचारा. संग्रहालयाचे वार आणि वेळा निघण्याआधी फोनवरून पक्क्या करा, कारण जवळपास दुसरे काही उघडे नसते आणि दिवस फुकट जातो.

एक गोष्ट खटकते. इंडियानोलाबद्दल एवढे सांगणाऱ्या गावात १९५४च्या जुलैमधली घटना पाहुण्याला सहज सापडत नाही. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल त्या वर्षी मे महिन्यात लागला. दोनच महिन्यांत त्याला विरोध करण्यासाठी गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि जमीनदारांनी याच गावात पहिली सिटिझन्स कौन्सिल स्थापन केली. कर्ज थांबवणे, कामावरून काढणे, घर रिकामे करायला लावणे ही तिची हत्यारे होती. काउंटीचे फुटबॉल समजायचे असेल तर ही तारीख आधी डोक्यात ठेवा.

फेरीचा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. मेम्फिसहून महामार्ग ६१ने क्लार्क्सडेल, तिथून ४९ने टटवायलर, आणि तिथे रस्ता फुटतो तेव्हा ४९-वेस्ट धरा. पुढे पार्चमन, ड्रू, रूलव्हिल, डॉड्सव्हिल, सनफ्लावर आणि इंडियानोला अशी गावे एकाच रस्त्यावर ओळीने लागतात. मेम्फिस ते ड्रू दोन तासांच्या आसपास. टाकी क्लार्क्सडेललाच भरून घ्या आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, शेतांमधून रेंज जाते-येते. नकाशाचे ॲप जवळचा म्हणून कच्च्या रस्त्यावर घालते तेव्हा ऐकू नका. इथली चिकणमाती पावसानंतर चाकाला अशी धरते की छोटी गाडी जागेवरच फिरते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापूस निघतो आणि रस्त्यावर अवजड यंत्रे असतात, तरी हाच मोसम चांगला. जून ते ऑगस्ट उष्मा आणि डास सोसवत नाहीत.

पार्चमन हे राज्याचे तुरुंग-शेत, १९०१पासूनचे. तिथे फोटोसाठी गाडी थांबवू नका, सरळ पुढे जा.

मग ड्रू. वस्ती दोन हजारांच्या आत. कॉलेज फुटबॉलमधला गाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, आर्ची मॅनिंग याच गावचा. जन्म १९४९, वडिलांचे शेतीच्या यंत्रांचे दुकान. ड्रू हायस्कूलमध्ये तो फुटबॉलबरोबर बास्केटबॉल, बेसबॉल आणि धावण्याच्या शर्यतीही खेळला. लहान गावच्या शाळेत चांगला खेळाडू सगळ्याच संघांत लागतो. १९६७मध्ये तो ऑक्सफर्डच्या मिसिसिपी विद्यापीठात गेला, ज्याला सगळे ओले मिस म्हणतात. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून त्याचे खरे तीन मोसम १९६८ ते १९७०.

त्यातला एक सामना समजून घेण्यासारखा आहे. ४ ऑक्टोबर १९६९, बर्मिंगहॅम, समोर अलाबामा. संध्याकाळच्या मुख्य वेळेत देशभर रंगीत दाखवलेल्या पहिल्या कॉलेज सामन्यांत याची गणना होते. मॅनिंगने ५२ पैकी ३३ फेकी पूर्ण करून ४३६ यार्ड मिळवले, वर स्वतः चेंडू घेऊन धावत १०४. म्हणजे एकट्याचे ५४० यार्ड. तेव्हाचे संघ बहुतेक वेळ चेंडू हातात धरून धावतच पुढे सरकत; एका सामन्यात ५२ वेळा फेकणे त्या काळात दुर्मीळ होते. तरी ओले मिस ३३-३२ असे एका गुणाने हरले. नोव्हेंबरमध्ये त्याच संघाने टेनेसीला ३८-० असे झोपवले, आणि १ जानेवारी १९७०ला मोसमाअखेरच्या शुगर बोल सामन्यात आर्कान्सावर २७-२२ अशी मात केली. १९७१च्या व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत न्यू ऑर्लिन्स सेंट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेले पेटन आणि एली ही त्याची मुले, हे बहुतेकांना ठाऊक असते. ड्रू कुठे आहे ते ठाऊक नसते.

पण ड्रूमध्ये उतरून फक्त मॅनिंगचीच आठवण काढली तर गावावर अन्याय होतो. १९६५मध्ये वर्णभेदामुळे सरकारी पैसा बंद होऊ नये म्हणून इथल्या शिक्षण मंडळाने पालकांना कागदोपत्री शाळा निवडायची मुभा दिली. कोणी कृष्णवर्णीय पालक गोऱ्यांची शाळा निवडणार नाही अशी मंडळाची खात्री होती. कूळ म्हणून कापूस पिकवणाऱ्या मे बर्था आणि मॅथ्यू कार्टर यांनी सात मुलांचे अर्ज भरले. घरावर गोळ्या झाडल्या गेल्या, दुकानातली उधारी बंद झाली, शेवटी जमीन आणि घर दोन्ही सुटले. मुले शाळेत जात राहिली. थोरली मुले हायस्कूलला होती, म्हणजे मॅनिंगच्या शेवटच्या दोन वर्षांत त्याच शाळेत. पुढे यातली बहुतेक भावंडे ओले मिसमधूनच पदवीधर झाली. एकाच शाळेतून एकाच विद्यापीठात गेलेल्या या दोन वाटा शेजारी ठेवून पाहणे, हे या फेरीचे सर्वांत मोठे देणे आहे. ते कोणत्याही दालनात तयार मिळत नाही.

फुटबॉलशी याचा संबंध सरळ आहे. मॅनिंगचा ओले मिस संघ संपूर्ण गोरा होता. पहिले दोन कृष्णवर्णीय खेळाडू, बेन विल्यम्स आणि जेम्स रीड, तो बाहेर पडल्यानंतर आले. अलाबामाच्या सामन्यानंतर पंचवीसच दिवसांनी, २९ ऑक्टोबर १९६९ला, सर्वोच्च न्यायालयाने मिसिसिपीच्या शाळांमधला भेद ताबडतोब संपवा असा आदेश दिला. त्यासरशी डेल्टातले गोरे पालक खासगी अकॅडमींकडे वळले. इंडियानोला अकॅडमी तर १९६५पासूनच होती. अकॅडमींनी स्वतःची क्रीडा संघटना आणि स्वतःचे सामने सुरू केले, आणि एकाच गावात शुक्रवारच्या रात्री दोन मैदानांवर दोन वेगळे संघ उतरू लागले. सार्वजनिक शाळा पटाअभावी आकसत गेल्या. ड्रूचा शिक्षण जिल्हा २०१२मध्ये काउंटीत विलीन झाला, हायस्कूल बंद पडले आणि मुले रूलव्हिलला जाऊ लागली. मॅनिंगची शाळा आज संघ उतरवत नाही, याचे कारण हेच.

ड्रूजवळच ते कोठार आहे जिथे २८ ऑगस्ट १९५५च्या पहाटे पळवून नेऊन मारून टाकलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला मारहाण झाली. जागा शेतात आहे. परवानगीशिवाय आत शिरू नये. त्यापेक्षा टटवायलरजवळच्या समनर गावी वळा. खटला तिथल्या न्यायालयात चालला, ज्यूरीने तासाभरात आरोपींना सोडले. समोरच टिल केंद्र आहे आणि तिथली माणसे उत्तम समजावून सांगतात. त्यासाठी सकाळचा दीड तास वेगळा काढा.

रूलव्हिलला कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी लढलेल्या फॅनी लू हेमर यांचे स्मृती-उद्यान, पुतळा आणि समाधी आहे. ३१ ऑगस्ट १९६२ला त्या इतर सतरा जणांबरोबर बसने इंडियानोलाच्या न्यायालयात मतदार नोंदणीला गेल्या. परतल्या त्याच दिवशी मळ्यावरून हाकलले गेले. महिन्याने, १ ऑक्टोबरला, जेम्स मेरेडिथ हे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ओले मिसमध्ये दाखल झाले; आदल्या रात्रीच्या दंगलीत दोघे मेले. त्याच मोसमात ओले मिसचा फुटबॉल संघ एकही सामना हरला नाही. उद्यान लहान आहे, पण नीट राखलेले. पाऊण तास पुरे, सावली कमी, पाणी बरोबर ठेवा.

इथून राज्यमार्ग ८ने पश्चिमेला थोडे गेले की डॉकरी फार्म्स, १८९५चा मळा. ब्लूज वादक चार्ली पॅटन इथेच वाजवत असे. प्रवेशाला पैसे लागत नाहीत, जिन आणि सरकीचे गोदाम बाहेरून पाहता येते. अर्धा तास. डॉड्सव्हिल हे वर्णभेदाची बाजू घेणाऱ्या सिनेटर ईस्टलंडचे गाव, तिथे थांबण्यासारखे विशेष नाही.

इंडियानोलाच्या पूर्वेला मूरहेडमध्ये मिसिसिपी डेल्टा कम्युनिटी कॉलेज आहे. १९९३मध्ये या दोन वर्षांच्या कॉलेजाने कनिष्ठ महाविद्यालयांचे राष्ट्रीय फुटबॉल विजेतेपद मिळवले. मोठ्या विद्यापीठाने गुणांअभावी किंवा उंची-वजनामुळे नाकारलेली गावची मुले आधी अशा कॉलेजात खेळतात आणि मग बदली घेतात. काउंटीतले आजचे फुटबॉल पाहायचे तर शरदात इथलाच घरचा सामना गाठा, ऑक्सफर्डच्या तिकिटापेक्षा फार स्वस्त पडतो. आणखी पूर्वेला, शेजारच्या लेफ्लोर काउंटीत, इटा बेना. तिथल्या मिसिसिपी व्हॅली स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात १९८४मध्ये विली टॉटनच्या फेकी, पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेला जेरी राइस झेलत होता, आणि संघ सामन्यामागे जवळपास ६० गुण करत होता. मैदानाला आता दोघांचे नाव आहे. बाहेरून पाहायला वीस मिनिटे लागतात, वळण घेण्याच्या योग्यतेचे नक्कीच.

मॅनिंगच्या वस्तूंसाठी मात्र काउंटीबाहेर जावे लागते. ऑक्सफर्डच्या आवारात वाहनांची वेगमर्यादा ताशी १८ मैल ठेवली गेली ती त्याच्या जर्सीच्या क्रमांकावरून, आणि त्याच आवारात लायसियम या जुन्या मुख्य इमारतीजवळ मेरेडिथ यांचा पुतळा आहे. दोन्ही पाहा, पण घरच्या सामन्याच्या शनिवारी नको: गाडी लावायला जागा मिळत नाही आणि हॉटेलचे दर कित्येक पटींनी चढतात. दुसरा पर्याय जॅक्सनचे मिसिसिपी स्पोर्ट्स हॉल ऑफ फेम. खेळाडूवार शोध घ्यायचा असेल तर ते सोयीचे. गावाचा संदर्भ मात्र तिथे फार मिळत नाही, म्हणून ते फेरीच्या शेवटीच ठेवा.

एका दिवसात करायचेच असेल तर समनर, ड्रू, रूलव्हिल, इंडियानोला एवढेच घ्या. डॉकरी आणि इटा बेना सोडा. दोन दिवस असतील तर मुक्काम शेजारच्या काउंटीतल्या क्लीव्हलंडला करा, राहण्या-खाण्याची सोय काउंटीतल्या गावांपेक्षा तिथे बरी आहे. तळलेला कॅटफिश आणि मक्याच्या पानात गुंडाळलेले तिखट टमाले ही इथली खरी जेवणे. मांस न खाणाऱ्यांनी बरोबर काही ठेवावे, कारण भाजीतसुद्धा डुकराचे मांस घालायची इथे पद्धत आहे.