रेलिंग किनाऱ्यावर, पैसे ठेकेदाराच्या खात्यात

कोकणात किनाऱ्यावरच्या गावाची नगरपंचायत झाली की मागोमाग सुशोभीकरण येतंच. पेव्हर ब्लॉक, बाकडी, हायमास्ट, सेल्फी पॉइंट आणि समुद्राच्या कडेने चकचकीत स्टीलचं रेलिंग. ठेका एकाच्या नावावर निघतो आणि तो त्याचे तुकडे पाडून आमच्यासारख्यांत वाटतो. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, रेलिंगचा तुकडा माझ्याकडे आला. पैसे कसे अडकले ते सविस्तर लिहितोय, कारण मला काम देणाऱ्या या ठेकेदाराने शेजारच्या तालुक्यात एका इलेक्ट्रिकलवाल्याला अगदी याच पद्धतीने गंडवलंय. गावाचं आणि त्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे.

निविदा त्याने अंदाजपत्रकापेक्षा बरीच बिलो, म्हणजे कमी दराने, भरली होती. एवढ्या खाली उतरलं की अतिरिक्त सुरक्षा अनामत भरावी लागते, तीही त्याने हसत हसत भरली. तोटा तो कुठून काढणार होता हे पुढे कळलं.

माझं काम ठरलं ते फोनवर. रनिंग मीटरचा दर, मालासकट. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगचा फोटो आला, त्यात फक्त ‘एसएस रेलिंग’, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं. मी सांगितलं, खाऱ्या हवेत 316 ग्रेडचा पाइप लागतो, 304 टिकणार नाही. तो म्हणाला, “शेट, अंदाजपत्रकात 304च धरलाय. सरकार जेवढं देतं तेवढंच आपण घालायचं.” बीओक्यूचं, म्हणजे कामातल्या वस्तू-परिमाणांच्या यादीचं, पान मागितलं, तर “ऑफिसात आहे, देतो.” ते पान काही आलं नाही. मी मेसेज टाकून ठेवला, “304च घालायचा ना?” उत्तरात अंगठ्याची इमोजी. आज माझ्या बाजूने जे थोडंफार उभं आहे, त्यात हा अंगठा आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 316 मध्ये निकेल जरा जास्त आणि वर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम. मिठाला तोंड देतं ते हे मॉलिब्डेनम, आणि भावात फरक पडतो तोही बराचसा त्याच्यामुळे. डोळ्यांनी बघून दोन पाइप वेगळे ओळखता येत नाहीत. पॉलिश मारल्यावर तर मलाही नाही.

मोजमापाच्या दिवशी कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आले. ठेकेदाराने खिशातून चुंबक काढलं, पाइपाला लावलं आणि सोडून दिलं. चुंबक खाली पडलं. “बघा साहेब, ओरिजिनल एसएस.” साहेबांनी मान डोलावली, लांबी वहीत उतरवली आणि निघाले. आता चुंबक पडलं याचा अर्थ एवढाच, की पाइप साध्या लोखंडाचा नाही. 304 ला चुंबक सहसा धरत नाही, 316 ला नाही, स्वस्तातल्या 202 ला सुद्धा नाही. 316 ओळखायचा तर मॉलिब्डेनमची टेस्ट करतात. धातूवर थेंबभर द्रावण टाकायचं, छोट्या बॅटरीची तार लावायची, काही सेकंदांत रंग बदलतो की नाही ते बघायचं. ते किट माझ्या गाडीत होतं. ग्रेडचा विषयच कोणी काढला नाही, आणि मी समजत होतो बीओक्यूत 304च आहे.

मग सुरू झालं “बिल निघू दे”. निधी आला नाही. लेखापाल रजेवर. मार्च एंड. सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टी नियमनवाल्यांचा, अभिप्राय अडकलाय. शेवटी आचारसंहिता, आणि तिथे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आचारसंहितेत नवीन कामं जाहीर करता येत नाहीत. पूर्ण झालेल्या कामाचं देयक अदा करायला तिची आडकाठी नसते. कोणी हे कारण देऊ लागला तर सरळ लेखा विभागात जाऊन विचारा.

दरम्यान त्याने माझ्याकडून टॅक्स इनव्हॉइस मात्र घाईने घेतलं होतं. “बिलासोबत जोडायचंय.” ते जोडायला नव्हतं, इनपुट क्रेडिटसाठी होतं, म्हणजे माझ्या बिलावरचा जीएसटी स्वतःच्या करातून वजा करून घ्यायला. जीएसटी मी खिशातून भरला, क्रेडिट त्याने घेतलं आणि पैसे कोणालाच दिले नाहीत. यात एक मेख त्याच्याही गळ्यात आहे. इनव्हॉइसच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे चुकते केले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. हे पत्रात लिहून पाठवल्यावर पहिल्यांदा त्याचा फोन आपणहून आला.

मुख्याधिकाऱ्यांना भेटलो. ते सभ्यपणे बोलले, पण मुद्दा एका वाक्यात संपवला. “तुमचा आमचा करार नाही.” कायद्याने ते बरोबरच आहे. नगरपंचायतीच्या कागदावर पोटठेकेदार नावाचा प्राणी नसतो.

म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस. यात अर्ज कसा लिहिता याला फार महत्त्व आहे. “रेलिंगच्या कामाची माहिती द्यावी” असं मोघम लिहिलंत तर मोघमच उत्तर येतं. मी मागितलं ते असं: कार्यादेश, बीओक्यू, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, प्रत्येक रनिंग बिलाची (काम चालू असताना निघतं ते) आणि अंतिम देयकाची प्रत, पैसे अदा केल्याची तारीख. मूळ फाइल बसून बघायचीही परवानगी मागितली. 2005 च्या त्या कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्कही आहे, हे फार लोकांना माहीत नसतं.

बीओक्यूत 316 होता, ग्रेडसकट स्पष्ट. मोजमाप पुस्तिकेतही तीच बाब, 316 च्या दराने. माझा 304 चा प्रत्येक मीटर तिथे 316 म्हणून मोजला गेला होता. आणि अंतिम देयक, ज्या सीआरझेडच्या अभिप्रायासाठी मी थांबलो होतो, त्याच्या कितीतरी आधी निघालेलं. साहेबांना चुंबकाचं विज्ञान माहीत नव्हतं की माहीत असून चाललं, यावर मी काही म्हणत नाही. नक्कल प्रत वाचणाऱ्याने ठरवावं.

प्रती हातात आल्याचं कळल्यावर त्याने तडजोडीचा हिशोब पाठवला. माझ्या रकमेतून टीडीएस, 1 टक्का कामगार उपकर, सुरक्षा अनामत आणि ‘ऑफिस खर्च’ वजा. कमाल आहे! नगरपंचायतीने बिलातून कापलेला टीडीएस त्याच्या पॅनवर जमा होतो. अनामत मुदत संपल्यावर त्यालाच परत मिळते. दोन्ही त्याचेच पैसे, कापायचे मात्र माझ्याकडून. ऑफिस खर्च म्हणजे काय ते लिहून द्या म्हटलं, तर दिलं नाही.

मी नकार दिला आणि पावसाळा संपता संपता रेलिंगवर तपकिरी ओघळ आले. वेल्डच्या जागी सगळ्यात आधी. नगरपंचायतीने दोष दायित्व कालावधीतली, म्हणजे काम झाल्यावर ठरावीक मुदतीत ठेकेदाराने करायची, दुरुस्ती करायला त्याला नोटीस दिली. त्याने त्या नोटिशीचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, निकृष्ट माल तुम्ही घातलात, म्हणून पेमेंट रोखलं आहे. इतके महिने बिल निघालं नाही म्हणून पैसे नव्हते, आता मालाचा दोष म्हणून नाहीत. पाइप खरेदीच्या बिलावर 304 स्वच्छ लिहिलेलं आहे आणि माझ्या मेसेजखाली अंगठा आहे, दोन्ही वकिलांनी त्याला दिलेल्या उत्तराला जोडलं.

वकिलांनी पहिला प्रश्न विचारला तो काम संपल्याच्या तारखेचा. अशा वसुलीचा दावा काम पूर्ण झाल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. गोड बोलून महिने घालवणाऱ्याला हे पाठ असतं, म्हणूनच तो फोनवर बोलतो, लिहीत नाही. मुदतीच्या आत देणं लागतो अशी सहीनिशी लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्याने मोजली जाते. ती तो देणार नाही, पण मागून बघितली.

दावा दाखल झालाय. इकडे रेलिंग बदलून देण्यासाठी त्याने नवीन फॅब्रिकेटर शोधायला घेतलाय, दर मालासकट, पैसे बिल निघाल्यावर. दुरुस्तीचं वेगळं बिल निघतच नसतं, ती त्याच्याच खर्चाने करायची असते. तुम्हाला फोन आला असेल तर पाइपाचे पैसे आगाऊ घ्या.