200 ॲम्पियरचं छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घरच्या लाईनवर खरंच किती ओढतं, मोजून बघितलं

चार महिने झाले हे मशीन वापरतोय, गेटच्या बिजागऱ्या, एक स्टँड, खिडकीची ग्रिल एवढी कामं झाली, आणि मशीन आवडलंय हे आधीच सांगतो. एका हातात उचलता येतं, आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी ठिणगी) पटकन धरतं, 2.5 चा, म्हणजे 2.5 मिलिमीटर जाडीचा, रॉड लोण्यासारखा चालतो. पण घेतल्यापासून एक प्रश्न डोक्यात होता की पुढे मोठ्या अक्षरात 200 ॲम्पियर लिहिलंय आणि आपलं सॉकेट 16 ॲम्पियरचं, मग नक्की ओढतं तरी किती? जो तो वेगळा आकडा सांगतो, म्हणून एक अख्खा रविवार मोजण्यात घातला.

आधी हे बघा की ते 200 म्हणजे रॉडकडे जाणारा करंट, आणि तो वीसपंचवीस व्होल्टला जातो, भिंतीतून येणारा करंट वेगळा. मागच्या पाटीवर बारीक अक्षरात आय-वन-मॅक्स 38 आणि आय-वन-इफेक्टिव्ह 21 छापलंय, मॅक्स म्हणजे फुल्ल लोडला भिंतीतून ओढेल तो करंट, आणि इफेक्टिव्ह म्हणजे मधे मधे थांबत काम केलं तर वायर सरासरी जितकी तापेल त्या हिशोबाचा. मशीन घेताना पुढचा आकडा बघू नका, ही पाटी वाचा.

मोजायला एक जुनी एक्स्टेन्शन घेतली, बाहेरचं काळं आवरण वीतभर काढलं आणि आतली फेजची वायर, तिचं इन्सुलेशन अजिबात न दुखवता, बाजूला काढून क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, तिच्यावर लावला. अख्ख्या केबलवर क्लॅम्प लावला तर शून्यच दिसतं कारण फेज आणि न्यूट्रल एकमेकांना खोडतात. माझा जुना साधा क्लॅम्प मीटर 9.8 दाखवत होता आणि मी खूश झालो, मग मित्राचा ट्रू आरएमएसवाला, म्हणजे वेड्यावाकड्या आकाराचा करंटही बरोबर मोजणारा, लावला तर त्याच कामाला 13.6! एवढा फरक का, तर मशीनच्या आत आधी रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि वीज साठवणारे मोठे कपॅसिटर आहेत, ते सलग करंट घेत नाहीत, व्होल्टेजच्या शिखरावर झटकन घोट घेतात, आणि साध्या मीटरला तो उसळता करंट नीट वाचता येत नाही. म्हणून या कामाला ट्रू आरएमएसच पाहिजे.

डायल 80 वर, 2.5 चा रॉड, बोर्डावर एरवी 236 व्होल्ट आणि आर्क चालू असताना 226. म्हणजे 226 गुणिले 13.6, साधारण 3070 व्हीए (नुसता व्होल्ट आणि ॲम्पियरचा गुणाकार). आता मला वाटलं की मशीन तीन किलोवॅट खातं. खात्री करायला घरातलं बाकी सगळं बंद केलं, फ्रीजसुद्धा, आणि विजेच्या मीटरचा लाल दिवा मोबाईलवर शूट केला. माझ्या मीटरवर 3200 लुकलुकींचं एक युनिट आहे. 30 सेकंदांच्या आर्कमध्ये 56 वेळा लुकलुकला, हळू चालवून दोनदा मोजलं, म्हणजे 2.1 किलोवॅट. दोन्ही आकडे बरोबर आहेत! मधला फरक पॉवर फॅक्टरचा, म्हणजे व्हीएमधला किती हिस्सा खरे वॅट असतो त्याचा, इथे तो 0.68 च्या आसपास आला. युनिट पडतात ते 2.1 किलोवॅटचे, पण वायर, प्लग आणि सॉकेट तापतात ते पूर्ण 13.6 ॲम्पियरने. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बिलाची भीती मात्र काढून टाका, 2.5 चा एक रॉड जळायला मिनिटभर धरला तरी एका युनिटमध्ये पंचवीसच्या वर रॉड जळतात. नुसतं चालू ठेवलं, फक्त पंखा फिरतोय, तर दिवा 28 सेकंदांनी एकदा लागतो, म्हणजे 40 वॅट.

रॉडकडच्या केबलला डीसी क्लॅम्प लावला तर डायलवर 80 असताना खरे 74 मिळतात, आर्कवर 23.5 व्होल्ट. मला हे चालतं, पण डायल थोडा फुगवून सांगतो हे माहीत असावं. 74 गुणिले 23.5 म्हणजे 1740 वॅट, भिंतीतून घेतले 2100, म्हणजे 83 टक्के कामाला लागतात, एवढ्याशा डब्याला हे चांगलंच म्हणायचं.

मग 20 मीटरची 1 स्क्वेअरची (तांब्याची जाडी 1 चौरस मिलिमीटर) पातळ एक्स्टेन्शन लावून बघितली. टोकाला 215 व्होल्टच उरले आणि करंट कमी व्हायच्या ऐवजी 14.3 झाला, कारण व्होल्टेज पडलं की मशीन तेवढीच पॉवर भरून काढायला जास्त करंट ओढतो. रीळ गुंडाळलेलंच होतं, पाच रॉडनंतर हात लावला तर आतले वेढे चांगलेच गरम. तेव्हापासून 2.5 स्क्वेअरची केबल वापरतो, आणि ती पूर्ण उलगडून.

3.15 चा रॉड, डायल 120, तेव्हा क्लॅम्पवर 22 ॲम्पियर दिसले. आणि 16 चा एमसीबी, म्हणजे जास्त लोडला आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, पडला नाही! लोकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे काळजी नाही, पण एवढ्या थोड्या जास्त लोडला तो बराच वेळ धरून राहतो, आत पत्ती तापायला वेळ लागतो. तिसऱ्या रॉडला मी थांबलो, प्लग काढला तर एक पिन बोटाला चटका देत होती आणि सॉकेटच्या त्या भोकाभोवती प्लास्टिक पिवळसर पडलं होतं. ते सॉकेट त्याच दिवशी बदललं.

तर 2.5 च्या रॉडला घरच्या 16 च्या सॉकेटवर हे मशीन मी डोळे झाकून घ्या म्हणेन, पत्रा, स्क्वेअर पाईप, पातळ अँगल सगळं होतं. 3.15 ला बोर्डापासून 4 स्क्वेअरची वेगळी लाईन, 25 चा एमसीबी आणि त्याला साजेसं सॉकेट पाहिजे. वायरमनला सांगून ठेवलंय, तोपर्यंत जाड अँगलचं काम तसंच पडून आहे.