निघोजचे रांजणखळगे की लोणारचे विवर?

"किल्ला नको, देऊळ नको, थंड हवेचे ठिकाणही नको; काहीतरी विलक्षण दाखवा," अशी फर्माईश पुण्याला आलेल्या पाहुण्यांनी केली, की सांगण्याजोगी ठिकाणे फार लवकर संपतात. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणी विलक्षण आहेत खऱ्या. परंतु तेथे आधी परवानगी घ्यावी लागते, आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने त्या सर्वांना खुल्या होतात तेव्हा पाहुणे नेमके आलेले नसतात. उरतात ती दोन नावे: कुकडी नदीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे आणि बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर. दोन्ही दख्खनच्या काळ्या पाषाणातच पडलेले खड्डे आहेत. फरक एवढाच, की निघोजचे खळगे पाण्याने हजारो वर्षे घासून केले आणि लोणारचे विवर उल्केच्या एका आघातात तयार झाले. दोन्ही ठिकाणी मी घरच्या मंडळींना घेऊन गेलो आहे, त्यामुळे पुढील मत कुटुंबवत्सल माणसाचे आहे हे आधीच सांगितलेले बरे.

अंतराच्या हिशेबात निघोज सहज जिंकते. नगर रस्त्याने शिरूरपर्यंत जाऊन आत वळले, की पुण्यापासून साधारण नव्वद किलोमीटरवर आपण खळग्यांपाशी पोचतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी असतो. वाटेत रांजणगावचा महागणपती लागतो, आणि देऊळ नको म्हणणारेही तेथे गाडी थांबवायला लावतातच. लोणार मात्र छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेड राजा या वाटेने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडते. म्हणजे एक मुक्काम आलाच आणि त्याचा खर्चही आला.

निघोजचे खरे वैशिष्ट्य असे, की तेथे कारण आणि परिणाम एकाच ठिकाणी दिसतात. प्रवाहाबरोबर वाहत आलेले गोटे खडकातल्या एखाद्या खोलगट जागी अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरत राहतात आणि तळ व बाजू कातरत नेतात. शेजारचे दोन खळगे वाढत जाऊन एकमेकांना भिडले, की मधली भिंत ढासळते आणि नदीला खोल घळ मिळते. यातील प्रत्येक अवस्था, वाटीएवढ्या खळग्यापासून माणूस सहज मावेल अशा रांजणापर्यंत, पात्रात थोड्या चालण्यात पाहता येते. नदीच्या एका काठाला अहिल्यानगर जिल्ह्यातला पारनेर तालुका, दुसऱ्या काठाला पुणे जिल्ह्यातले टाकळी हाजी, आणि मळगंगा देवीचे ठाणे दोन्हीकडे. शालेय भूगोल इतक्या स्वच्छपणे उलगडणारी जागा पुण्याच्या इतकी जवळ दुसरी नसावी.

असे असूनही माझे मन तेथे रमले नाही, आणि त्याचे कारण त्या खडकाच्या कडा हेच आहे. पाण्याने त्या इतक्या गुळगुळीत केल्या आहेत, आणि दोन खळग्यांमधली जागा कित्येक ठिकाणी इतकी अरुंद आहे, की प्रत्येक पाऊल बघून टाकावे लागते. खाली हिरवट पाणी असते आणि त्याच्या खोलीचा अंदाज येत नाही. आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेल्या मावशी आणि दुसरीत शिकणारा भाचा होता. "तू बघ की निवांत, मी बसते इथे," असे म्हणून मावशी नेमक्या कडेवर बसल्या, आणि भाच्याला प्रत्येक रांजणात खडा टाकून आवाज ऐकायचा होता. आसपासची तरुण मंडळी मोबाइल उंच धरून पाठीमागे सरकत होती, त्यामुळे अनोळखी माणसांचीही काळजी वाटू लागली. तेथून निघेपर्यंत मी खडक पाहण्याऐवजी माणसे मोजत राहिलो. त्यात पात्रातल्या पाण्याची अनिश्चितता आहेच: पावसाळ्यात आणि वरच्या धरणांतून पाणी सोडले असता बहुतेक खळगे बुडालेले असतात, आणि मग दिसते ती फक्त एक खळाळती नदी.

लोणारची उणीव अगदी उलट आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. काठावरून पहिल्यांदा पाहणाऱ्यास ते टेकड्यांमधल्या तळ्यासारखे वाटते, आणि "यासाठी एवढे आलो?" असा प्रश्न बरोबरच्यांपैकी कोणीतरी विचारतेच. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा एका नजरेत मावतो खरा, पण त्याचा आवाका लगेच ध्यानात येत नाही. तो येतो पायवाटेने तळाशी उतरू लागल्यावर. झाडी दाट होत जाते, मोरांचे आवाज येतात, रानात अर्धवट पडलेली जुनी देवळे दिसू लागतात, आणि सरोवराजवळ पोचताच खारट, कुजकट वास नाकात शिरतो. पाणी इतके अल्कधर्मी आहे, की त्यात हळद लाल होते. जून 2020 मध्ये हेच सरोवर गुलाबी झाले होते, आणि त्याचे कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे आहे, असा निष्कर्ष आपल्या पुण्यातल्याच आघारकर संशोधन संस्थेने काढला. त्याच वर्षी या सरोवराला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. विवराच्या वयाविषयी शास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही. एका पद्धतीने ते सुमारे बावन्न हजार वर्षे येते, तर दुसरीने पाच लाखांच्याही पुढे जाते. मावशींनी मात्र त्याचा निकाल गावातल्या दैत्यसूदन मंदिरात लावला: विष्णूने लोणासुराला मारले ती ही जागा, आणि छतावर त्याचे शिल्पही कोरलेले आहे, मग आणखी पुरावा कशाला हवा?

तेथे मावशी वरच्या काठावर सावलीत खुशाल बसल्या, भाचा वडिलांबरोबर खाली उतरला, आणि मला कोणाकडेही डोळ्यात तेल घालून पाहावे लागले नाही. माझ्यापुरता प्रश्न तेथेच सुटला. अर्थात दोन-तीन धडधाकट माणसेच असतील, हाताशी एकच दिवस असेल आणि हिवाळ्याच्या शेवटी सुट्टी नसलेला वार साधता येत असेल, तर निघोजला जावे. त्या परिस्थितीत कदाचित मीही तेच करीन. लहान मूल किंवा वयस्कर मंडळी बरोबर असल्यास, लांब पडले तरी, लोणारच बरे असे मला वाटते.

जायचे ठरल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा, कारण उन्हाळ्यात तळातून वर चढणे फार जड जाते. पहिल्या संध्याकाळी दैत्यसूदन मंदिर आणि काठावरच्या झऱ्याची धार पाहून घ्यावी, सरोवराकडे दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उतरावे, आणि परतताना सिंदखेड राजा येथे जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या राजवाड्यासाठी तासभर राखून ठेवावा.