लाल स्प्रिंग

जुनी एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी चारचाकी बाइक, बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने स्वतःहून सीव्हीटीचं, म्हणजे इंजिनची ताकद बेल्टने पुढे नेणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरचं, कव्हर उघडून दाखवलं. एकेक बोल्ट काढून ओळीने फडक्यावर ठेवला, कव्हर बाजूला केलं आणि आत बोट दाखवत म्हणाला, "हे बघा दादा, लाल स्प्रिंग. क्लच किट टाकलंय. लोक नुसतं तोंडाने सांगतात, मी उघडून दाखवतो." मोठ्या टायरसाठी क्लचमधली स्प्रिंग आणि वजनं बदलतात, ते हे किट. मी मनातल्या मनात सौदा तिथेच पक्का केला. एवढा उघड माणूस कशाला फसवेल?

थोडं मागे जातो. स्पोर्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एटीव्ही बहुतेक मागच्या दोन चाकांवरच चालतात. यामाहाची रॅप्टर 700 घ्या, होंडाची टीआरएक्स 450 आर घ्या, दोन्हींची ताकद फक्त मागे जाते. मला अंगाने हलकी आणि हँडलला चपळ गाडी हवी होती, पण ओल्या चढावर चारही चाकांनी ओढणारीही हवी होती. अशा गाड्या मोजक्याच, कॅन-अ‍ॅमची रेनेगेड किंवा पोलारिसची स्क्रॅम्बलर या जातीतल्या. नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी शोधत होतो. मी घेतलेली कुठली ते लिहीत नाही, कारण माझं भांडण गाडी बनवणाऱ्याशी नाही.

जाहिरात वाचून तोंडाला पाणी सुटलं होतं. गाडी दोन इंच उंच करणारा लिफ्ट, 30 इंची चिखलाचे टायर, पाण्यात हवा वरून घेणारा तीन पाइपांचा स्नॉर्केल, अडकलेली गाडी दोराने ओढणारी विंच, खाली गाडीचं पोट वाचवणारी जाड स्किड प्लेट, क्लच किट, आणि इंजिन चालल्याचे मीटरवर फक्त 84 तास. किलोमीटर 1,340. मी हुशारीने भागाकार केला, ताशी सरासरी 16 किलोमीटर. ट्रेलवर चालणाऱ्या गाडीला हे अगदी शोभणारं. आकडे जुळले म्हणजे मीटर खरं, असं मी धरून चाललो. अख्खं मीटरच दुसऱ्या गाडीचं असेल तरी भागाकार जुळणारच, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही.

खरं तर तिथेच पुरेशी चिन्हं होती. हँडलच्या मुठी नव्या, सीटचं कव्हर नवं, प्लॅस्टिकवर स्टिकर नवे. पण पाय ठेवायच्या पेगचे दाते झिजून गोल झाले होते आणि अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल आरशासारखा गुळगुळीत झाला होता. 84 तासांत अंगठा इतकं घासत नाही. मी ते पाहिलं, आणि "आधीचा मालक दांडगा असेल" म्हणून सोडून दिलं. गाडी आवडली की माणूस स्वतःच विकणाऱ्याचा वकील होतो.

इंजिन आधीच गरम होतं. सायलेन्सरजवळ हात नेला तर चटका बसेल इतकं. "तुम्हाला थांबायला नको म्हणून चालू करून ठेवली," तो म्हणाला. गार इंजिन उठायला किती वेळ घेतं, पहिला धूर कुठल्या रंगाचा येतो, हे बघायची संधीच गेली. डिपस्टिक काढली तर ऑइल सोनेरी, कालच भरल्यासारखं. "नुकतीच सर्व्हिस केलीय." मला कौतुक वाटलं. आता कळतं की विकण्याआधी बदललेलं ऑइल म्हणजे पुसलेली पाटी. जुन्या ऑइलने पाणी प्यायलं होतं का, त्यात धातूचा चुरा होता का, हे सगळं निचऱ्याच्या डब्यात गेलेलं असतं.

चारही चाकांचं काय, असं विचारलं तेव्हा त्याने बटण दाबलं. मीटरवर दिवा लागला. "पण इथे कळणार नाही दादा. ही ऑन-डिमांड आहे. मागची चाकं घसरली की मगच पुढची लागतात. कोरड्या जमिनीवर कशी लागतील?" आणि हे शंभर टक्के खरं होतं! काही गाड्यांत तसंच असतं. बटण दाबलं की पुढच्या डिफरन्शियलमधल्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) विद्युतचुंबकी कॉइलला करंट जातो, पण पुढची चाकं ताकद घेतात ती मागची जास्त वेगाने फिरू लागल्यावरच. मला हे आधीपासून माहीत होतं, म्हणून मी शहाण्यासारखी मान हलवली. ज्याला काहीच माहीत नसतं तो निदान "मग घसरेल तिथे चला" म्हणाला असता. ही सगळी मांडणी माझ्यासारख्या अर्धवट माहितगारासाठीच केलेली होती.

पहिल्याच राइडला ओल्या मातीचा चढ लागला. बटण दाबलं, दिवा लागला, थ्रॉटल दिला. मागची चाकं चिखल उडवत जागेवरच फिरली आणि गाडी हळूहळू मागे सरकायला लागली. शेजारी उभा असलेला मित्र ओरडला, "अरे, तुझी पुढची चाकं फिरतच नाहीयेत रे!" त्याच दिवशी परतताना सीव्हीटीतून जळक्या रबराचा वास आला. दुसऱ्या राइडला बेल्ट तुटला.

मग गाडी स्टँडवर चढवली आणि उघडायला घेतली. पुढच्या डिफरन्शियलचा निचऱ्याचा बोल्ट सैल केला तर आधी राखाडी पाणी आलं, आणि मागून लोण्यासारखा घट्ट पांढुरका गोळा. बोल्टच्या चुंबकाला लोखंडाचा कीस केसांसारखा चिकटलेला. आतले रोलर गंजून लाल. इंजिनचं ऑइल त्याने बदललं कारण ते डिपस्टिकवर दिसतं. या डिफला डिपस्टिक नाही, म्हणून तिथे हातही लावला नव्हता. कॉइलपर्यंत जाणारी वायर फ्रेमच्या आतून शोधत गेलो, तर ती मध्येच कापलेली. दोन्ही टोकांना नीट टेप गुंडाळून झिप-टायने नळीला बांधलेली. वायर आपोआप तुटली असती तर टेप कोणी गुंडाळली असती?

दिवा मात्र लागतच होता. बटण चालू आहे एवढंच तो सांगतो. चाकांशी त्याचा संबंध नाही. तुम्ही अशी गाडी बघायला जाल तेव्हा सैल वाळूत किंवा चिखलाच्या चढावर थांबवून निघायचा आग्रह धरा, आणि सोबतच्याला फक्त पुढच्या चाकांकडे बघायला लावा. विकणारा तिथे यायला तयार नसेल तर परत फिरा.

स्नॉर्केलबद्दल तो म्हणाला होता, "दिसायला छान म्हणून लावलाय, पाण्यात कधी नेलीच नाही." इंजिनला हवा देणारा एअरबॉक्स उघडला तेव्हा आतल्या भिंतीवर वाळलेल्या गाळाची सरळ रेघ होती, नदीकाठच्या घरावर पुराची खूण असते तशी. हेडलाइटच्या खोबणीत मूठभर बारीक वाळू निघाली. ही गाडी हँडलपर्यंत बुडालेली होती. इंजिन पाण्यात बंद पडून कनेक्टिंग रॉड वाकला नाही हेच नवल, कारण पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दबत नाही, लोखंडालाच वाकावं लागतं.

चाकांना मागेपुढे दीड इंचाचे स्पेसर होते, चाकं बाहेर सरकवणारे. "स्टान्स रुंद दिसतो," तो म्हणाला होता. पुढचं उजवं चाक धरणारा खालचा आर्म वाकलेला होता आणि स्पेसर काढला की टायर आतून घासत होता. त्या स्पेसरच्या तरफेने व्हील बेअरिंगही खिळखिळं झालेलं. लिफ्टमुळे अ‍ॅक्सलचा कोन वाढला होता, आणि एका सीव्ही जॉइंटचा, म्हणजे अ‍ॅक्सलच्या वळत्या सांध्याचा, रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आत उडालेलं. जाहिरातीतली मॉडिफिकेशनची यादी पुन्हा वाचली तर प्रत्येक वस्तूखाली एक दुखणं झाकलेलं होतं.

मीटरचा उलगडा शेवटी झाला. एका जाणकाराने निदानाचं यंत्र जोडून इंजिनच्या कंप्युटरमधले तास वाचले. 412. मीटर बदललं तरी तो आकडा आत राहतो, हे विकणाऱ्याला माहीत नसावं. शिवाय 25 इंची टायरच्या जागी 30 इंची बसवले की चाकाच्या एका फेरीत गाडी वीस टक्के जास्त पुढे जाते आणि मीटर ते जास्तीचं अंतर मोजतच नाही, हा हिशेब वेगळाच.

आणि ती लाल स्प्रिंग. मोठे, जड टायर लावले की क्लचमधली वजनं आणि स्प्रिंग बदलावी लागतात, नाहीतर बेल्ट घसरतो, तापतो, चकाकी येऊन मग तुटतो. वेगवेगळ्या ताणाच्या स्प्रिंग रंगावरून ओळखतात, म्हणून लाल रंग बघून मी खूश झालो होतो. बेल्ट तुटल्यावर क्लच काढून हातात घेतला. स्प्रिंगवर नख फिरवलं. रंगाचा पापुद्रा निघून नखात अडकला, खाली मूळ स्प्रिंग. रंगही फक्त कव्हर उघडल्यावर दिसणाऱ्या बाजूलाच मारलेला, मागच्या वेढ्यांवर तुषार पोचलेच नव्हते. वजनंही मूळचीच.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्यांदा तो गोड बोलला, दुसऱ्यांदा म्हणाला, "तुम्ही स्वतः चालवून घेतलीत ना?" आणि मी सही केलेल्या कागदावर 'आहे त्या स्थितीत' असे शब्द होते. तेही त्याने मला वाचून दाखवले होते, अगदी प्रामाणिकपणे. वकिलाने कागद बघितला आणि विचारलं, कापलेल्या वायरचे फोटो ती सोडवायच्या आधी काढलेत का? नव्हते काढले. संतापाच्या भरात टेप ओरबाडून टाकली होती.

गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त दुरुस्तीत गेले. आता तिला 26 इंची टायर आहेत, स्नॉर्केल आणि स्पेसर काढलेत, डिफ नवं आहे. चढ चढते.

गेल्या आठवड्यात त्या विकणाऱ्याची नवी जाहिरात दिसली. गाडी दुसरी, रंग दुसरा, तास 91. चौथ्या फोटोत सीव्हीटीचं कव्हर उघडं आहे आणि आतली स्प्रिंग या वेळी निळी आहे.