टायटॅनियम म्हणून ॲल्युमिनियम विकलं: माझे 1,60,500 रुपये गेले, तुमचे वाचवा

सायकलच्या फ्रेमला चुंबक चिकटलं नाही म्हणजे ती टायटॅनियमची, असं कोणी सांगत असेल तर तिथूनच उठा. ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. या एका गोष्टीपायी माझे 1,60,500 रुपये गेले: 50,000 आगाऊ, 92,000 फ्रेम हातात घेताना आणि 18,500 पुढचं चाक धरणाऱ्या कार्बनच्या फोर्कचे. घरी खरा आकडा सांगायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. आत्ता लिहितानाही लाज वाटतेय, पण तोच माणूस पुन्हा फ्रेम विकायला बसलाय, म्हणून गप्प राहणं शक्य नाही.

मी डिचोलीचा. आमच्याकडे सायकल चालवायची म्हणजे खाणपट्ट्यातली लाल माती, चोर्ल्याचा चढ, नाहीतर केरीहून फेरीने तेरेखोलला. चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने खारा वारा. माझी जुनी स्टीलची फ्रेम बॉटम ब्रॅकेटजवळ, म्हणजे पायडलचा आस बसतो तिथे, आतून गंजून गेली होती. तेव्हा टायटॅनियमची हाव म्हणजे चैन नव्हती. आयुष्यभर पुरेल अशी एकच फ्रेम हवी होती, रोजच्या ग्रॅव्हलला, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांना चालेल आणि पिशव्या बांधून दूर जाता येईल अशी.

आणि मी आंधळेपणाने घेतली नाही. 700 च्या चाकाला 45 मिमीचा टायर बसतो का, 650बी हे लहान चाक लावलं तर 2.1 इंची जातो का, मागे 12 बाय 142 चा थ्रू-ॲक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा आस, आहे का, बॉटम ब्रॅकेट आट्यांचा आहे की दाबून बसवायचा, रॅक आणि मडगार्डची भोकं किती, फोर्कवर दोन्ही बाजूंना तीन-तीन स्क्रू आहेत का, सगळं विचारलं. सगळ्याची उत्तरं बरोबर आली. येणारच होती, कारण भोकं तर खरोखरच होती! ज्या धातूसाठी मी पैसे मोजत होतो, त्या धातूबद्दल मात्र त्याच्या तोंडच्या शब्दावर राहिलो.

त्याची गोष्ट पटण्यासारखीच होती. चीनमधल्या बाओजीहून थेट माल आणतो, मधले दलाल नाहीत, म्हणून स्वस्त. बाओजी हे टायटॅनियमचं मोठं केंद्र आहे हे खरं, तिथून फ्रेमा येतात हेही खरं. नामांकित कंपन्यांच्या फ्रेमा दोन-तीन हजार डॉलर आणि त्याहून वर जातात, त्यामुळे 1,42,000 हा आकडा मला शक्य वाटला. अगदी फुकटात देतो म्हणाला असता तर मला संशय आला असता. त्याने ग्रेड 9 चं, म्हणजे 3 टक्के ॲल्युमिनियम आणि 2.5 टक्के व्हॅनेडियमच्या मिश्रधातूचं प्रमाणपत्रही पाठवलं. त्यावर हीट नंबर, म्हणजे धातूच्या घाण्याचा क्रमांक होता. फ्रेमवर कुठेच कसलाही नंबर नव्हता. प्रमाणपत्र कोणत्याही नळीचं असू शकतं, ते तुमच्याच फ्रेमचं आहे हे दाखवणारा नंबर फ्रेमवर कोरलेला नसेल तर तो कागद रद्दी समजा.

आम्ही राज्याच्या हद्दीजवळच्या एका हॉटेलात भेटलो. त्याने खिशातून चुंबक काढून माझ्याच हातात दिलं. ‘‘स्वतः लावून बघा साहेब, नंतर बोलायला नको.’’ चिकटलं नाही. मग काट्याला लटकवून दाखवली, 1.7 किलो. टायटॅनियमची तेवढी भरते. ॲल्युमिनियमची ग्रॅव्हल फ्रेमही तेवढीच भरते. टायटॅनियमची घनता 4.5, ॲल्युमिनियमची 2.7, पण ॲल्युमिनियमच्या नळ्या जाड आणि फुगीर करतात, म्हणून शेवटी वजन जवळपास सारखंच येतं. हे त्याला माहीत होतं. म्हणूनच या दोन परीक्षा त्याने आपणहून घ्यायला लावल्या.

आणि तो रंग! त्या रंगाची आठवण आली की अजून रात्री झोप उडते. फ्रेम पूर्ण करड्या रंगाने रंगवलेली होती, जोडांवरूनसुद्धा. मी विचारलं, टायटॅनियम तर गंजत नाही, मग रंग कशाला? तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, ‘‘तुम्ही समुद्राकडचे ना, म्हणून खास सिरॅमिक कोट.’’ समुद्राच्या हवेला जो धातू दाद देत नाही, त्याला त्याच हवेसाठी लेप! त्या क्षणी उठायला हवं होतं. टायटॅनियमचा जोड आर्गॉन वायूच्या आवरणात करतात, चांगला जोड उघडा असतो, त्यावर बारीक एकसारखे खवले दिसतात, चंदेरी किंवा फिकट गवती रंगाचे. तो जोडच तर पाहायचा असतो. रंगवलेली टायटॅनियम फ्रेम नसतेच असं नाही, पण सेकंडहँड किंवा अनोळखी माणसाकडून घेताना जोड उघडे दिसलेच पाहिजेत. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडीसुद्धा 31.6 मिमीची निघाली. टायटॅनियममध्ये बहुधा 27.2 असते. पण 50,000 आधीच अडकले होते, मागे आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत असं तो सांगत होता. अशा वेळी कोणाचीही नजर चुकते. तो त्यावरच जगतो.

बिल मागितलं तर म्हणाला, 18 टक्के जीएसटी वर द्या. सायकलीवर आणि तिच्या भागांवर तेव्हा 12 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून तर 5 आहे. कराचा दर चुकीचा सांगणारा आयातदार नसतो.

पावसाळ्यात खरं बाहेर आलं. बाटलीच्या स्क्रूंभोवती रंगाला फोड आले, खाली पांढरी पूड. औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने बॉटम ब्रॅकेटखाली ग्राइंडर टेकवला. टायटॅनियम असतं तर लख्ख पांढऱ्या ठिणग्या उडाल्या असत्या. एकही उडाली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ग्राइंडर बंद केला. याच फ्रेमवर पिशव्या बांधून मी चोर्ल्याचा उतार उतरलोय. ही नळी कोणी, कशी जोडली याचा पत्ता नाही, आणि ॲल्युमिनियम थकून तुटतं तेव्हा आधी फारशी सूचना देत नाही.

मग सुरू झाले पोलिसांचे हेलपाटे. अलीकडच्या ठाण्यातला अधिकारी म्हणाला, ‘‘सायकल मेळ्ळी न्ही? मागीर फटवणूक कसली?’’ वर, व्यवहार पलीकडच्या राज्यात झाला, तिकडे जा. पलीकडचे म्हणाले, पैसे गोव्याच्या खात्यातून गेले, तिकडे जा. हद्द कोणतीही असो, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. ते दाखवलं तर मलाच कायदा शिकवता का म्हणून आवाज चढवला. मग, टायटॅनियम नाही याचा दाखला आणा. प्रयोगशाळा म्हणाली, फ्रेम कापून तुकडा द्या. कापली की पुरावाच मोडला! शेवटी क्ष-किरणांच्या हातातल्या यंत्राने न कापता धातू ओळखणारा माणूस शोधला, 1,800 रुपये त्याचे. तो अहवाल घेऊन गेलो तर, हा सरकारी नाही. माझ्या बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. अरे, फसवणुकीत पैसे स्वतःच पाठवतो माणूस, म्हणून तर तिला फसवणूक म्हणतात! भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण नोंदच झाली नाही तर शिक्षा कोणाला?

आता पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज पाठवलाय, तो मार्गही कलम 173 मध्येच आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर मात्र पोस्टाची वाट पाहू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, तासाभरात रक्कम पुढच्या खात्यात निघून जाते. धंदेवाईक विक्रेता असेल तर ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात दावा करता येतो, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही. बिल असतं तर दावा भक्कम झाला असता, पण माझ्याकडे आहे फक्त यूपीआयची नोंद.

त्याची नवी जाहिरात 1,28,000 ची आहे. करडी फ्रेम, मागे निळी ताडपत्री. मला पाठवलेलाच फोटो. तुम्हाला आला तर पैसे देण्याआधी एकच सांगा: जोडावरचा बोटभर रंग माझ्यासमोर खरवडून दाखव.