लेथवरच्या कानातल्यांसाठी लाकूड: काळा कुडा की शिसव?

रंगीत कानातले करायचे असतील तर काळा कुडाच घ्या. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी परंपरेने याच लाकडाची. नावात काळा असला तरी ते लाकूड फिकट आणि बारीक पोताचे असते, त्यामुळे पिवळा, लाल रंग खुलून दिसतो. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, लोलक (कानातल्याचा लोंबता भाग) कातून पॉलिश पेपरने गुळगुळीत करा आणि तो फिरत असतानाच लाखेची कांडी टेकवा. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. मग केवड्याचे वाळलेले पान दाबून धरले की लकाकी येते. लाकूड ओले असेल तर मात्र सुकताना ते आकसते आणि लाखेला तडे जातात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून अत्तराचा फवारा आधी, कानातले नंतर.

शिसवाला रंग लावणे म्हणजे त्याची जांभळट तपकिरी रेघ झाकणे. ते करू नये. तेल आणि मेणाचा हात पुरतो. शिसव कठीण, हत्यार लवकर बोथट होते. त्याच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, नाकाघशालाही त्रास होतो, तेव्हा मास्क हवाच. वजनही जास्त: १२ मिमी जाड, ३० मिमी लांब भरीव लोलक सुमारे ३ ग्रॅम भरतो. तळ निमुळता केला की तो हलका होतो.

दोन्हींत तारेचे १ मिमी भोक लोलकाची मान, म्हणजे वरचे टोक, बारीक करण्याआधी पाडा. नंतर पाडले तर मान चिरू शकते. आणि जोडीतला दुसरा नग नजरेने नव्हे, कॅलिपरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजून काता. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही कानात दिसतो.